किहीमच्या नसरीन, खारच्या अंबिकाबाई आणि म्युझियमच्या भिंती

कोरा_कागद | शनिवार, रात्री 10:42

किहीम म्हटलं की आपल्याला समुद्र, सुरूचं बन आणि लाँग वीकेंडचं बुकिंग आठवतं. त्याच किहीमला 1990 मध्ये चित्रकार नसरीन मोहम्मदी वारल्या. पन्नाशी नुकती कुठे ओलांडली होती. आणि 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने आधुनिक कलेसाठी मेट ब्रॉयर नावाची वेगळी शाखा उघडली, तेव्हा ज्या प्रदर्शनांनी तिचं उद्घाटन झालं त्यातलं एक नसरीनबाईंचं होतं. माझ्या ऑफिसात आणि नातेवाईकांत विचारलं तर हे नाव कोणीच ऐकलेलं नव्हतं, आणि त्यातले निम्मे तरी दरवर्षी पावसाळा संपला की किहीमला जातात.

मी त्यांची चित्रं दिल्लीला साकेतच्या किरण नाडर म्युझियममध्ये बघितली, 2013 चं मोठं प्रदर्शन होतं ते. चित्रं म्हणजे कागद, शाई आणि पेन्सिल, रंग जवळजवळ नाहीतच. लांबून करडा पट्टा दिसतो, जवळ गेलं की कळतं की त्या सगळ्या रेघा आहेत, एकीची जाडी दुसरीसारखी नाही, काही टोकाकडे जाता जाता विरळ होतात, काही तिरक्या येऊन बाकीच्यांना कापून जातात आणि बघता बघता सगळं कागदावरून वर उचललं जातं. खाली नाव नाही, बहुतेकांवर तारीख नाही. 1972 पासून त्या बडोद्याला फाइन आर्ट्समध्ये शिकवायच्या. पुढे मज्जासंस्थेच्या आजाराने शरीरावरचा ताबा सुटत गेला तरी कागदावरची रेघ हलली नाही.

मला बोलायचंय ते असं की आपल्याकडे चित्रकार बाईचं मोठं प्रदर्शन म्युझियममध्ये लागतं ते एकतर ती गेल्यावर, नाहीतर सत्तरी उलटल्यावर. आणि ते लागायचं तर मधल्या सगळ्या वर्षांत तिचे कागद, वह्या, फोटो कोणीतरी जपलेले असावे लागतात. नसरीनबाईंच्या डायऱ्या राहिल्या, त्यांनी काढलेले फोटो राहिले, आणि त्यांची बडोद्याची विद्यार्थिनी रूबिना करोडे पुढे त्या दिल्लीच्या म्युझियमची डायरेक्टर झाली. एवढं सगळं जुळून आलं तेव्हा आपल्याला ती चित्रं दिसली. ज्यांचं जुळत नाही त्यांचं काय होतं?

आता आपल्या घरातलं उदाहरण. अंबिका धुरंधर, चित्रकार रावबहादूर एम. व्ही. धुरंधरांची मुलगी, जन्म 1912. मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये रीतसर शिकून डिप्लोमा घेणाऱ्या अगदी सुरुवातीच्या मुलींपैकी. वडील 1944 ला गेले आणि अंबिकाबाई 2009 ला. मधली साठ-पासष्ट वर्षं खारच्या घरात त्यांनी वडिलांची चित्रं आणि स्केचबुकं सांभाळली. 2018 मध्ये मुंबईच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये (एनजीएमए) धुरंधरांचं भलंमोठं प्रदर्शन लागलं, मी ते मजल्यामागून मजले बघत गेले आणि इतकं सुंदर काम होतं की पाय निघेना. पण वडिलांना अंबिका होती. अंबिकेचं सांभाळायला कोण? त्यांनी आठवणी लिहून ठेवल्या, माझी स्मरणचित्रे नावाने पुस्तक आहे, जरूर वाचा. पण त्यांच्या स्वतःच्या चित्रांनी भरलेला एक मजला मला बघायचाय.

तुम्ही म्युझियममध्ये कोणाकोणाची प्रदर्शनं बघितलीत ते लिहा. विक्रीच्या गॅलऱ्या इथे नकोत, त्यावर वेगळा धागा काढू. आणि नुसती नावं नकोत, काय बघितलं ते सांगा.

सानिका_ठाणे | शनिवार, रात्री 11:15

खूप छान धागा. मी नवज्योत अल्ताफ यांचं बघितलंय, तेही एनजीएमए मुंबईलाच, डिसेंबर 2018 मध्ये सुरू झालेलं. म्हणजे धुरंधरांनंतर लगेचच. नॅन्सी अदजानियांनी मांडलं होतं. ती इमारत मुळात कावसजी जहांगीर हॉल, आतून अर्धगोल आणि जिना चढत चढत वर घुमटापर्यंत जायचं, त्यामुळे एखाद्या बाईचं आयुष्यभराचं काम आपण अक्षरशः पायरी पायरीने बघतो.

खाली 70 च्या दशकातली चळवळीची पोस्टरं, वर वर जावं तसे व्हिडिओ, शिल्पं. माझ्या डोक्यात राहिलं ते बस्तरचं काम. कोंडागावला तिथल्या आदिवासी कलाकारांबरोबर, त्यात शांतीबाई नावाच्या लाकूड कोरणाऱ्या बाईही आहेत, त्यांनी गावातल्या हातपंपांभोवतीची जागा नव्याने बांधली. नलपार म्हणतात त्याला. आता हातपंपावर काय होतं, बाई खाली वाकून हंडा भरते आणि तो भरलेला हंडा जमिनीवरून एकदम कंबरेला नाहीतर डोक्यावर घ्यायचा असतो, सगळा जोर पाठीवर येतो. यांनी मधल्या उंचीवर टेकू बांधला, हंडा आधी तिथे ठेवायचा, मग उचलायचा. भोवती भिंतीवर कोरीव काम, आकार. पाणी भरायला मुली-बायकाच येतात म्हणून ती जागा त्यांच्या मापाने बांधली.

माझी आई शेजारी उभी होती. तिचं लहानपण आटपाडीकडचं, पाणी भरण्यातच गेलेलं. ती म्हणाली, हे ज्याने केलं त्याने कधीतरी हंडा उचललेला आहे. मॉडर्न आर्ट आपल्याला कळत नाही म्हणणारी बाई त्या फोटोंसमोर खूप वेळ थांबली होती.

निवृत्त_ड्राफ्ट्समन | रविवार, सकाळी 6:50

नसरीनबाईंबद्दल वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. मी चित्रकार नाही, सरकारी खात्यात नकाशे काढण्यात नोकरी गेली. त्यांची चित्रं मी फक्त पुस्तकात आणि मोबाइलवर बघितलीत, पण त्यांचं हत्यार माझं रोजचं होतं. रूलिंग पेन. तरुण मंडळींनी बघितलं नसेल. पोलादाची दोन पाती, मधे फट, बाजूला स्क्रू. ड्रॉपरने दोन पात्यांमध्ये शाई सोडायची, स्क्रू आवळला की रेघ बारीक, सैल केला की जाड. शाई जास्त झाली तर पट्टीखाली शिरून डाग पडतो, कमी झाली तर रेघ मधेच तुटते. पेन किंचितही तिरपं झालं तर एक कड फाटते. आणि एकदा सुरू केलेली रेघ मधे थांबवता येत नाही, थांबलात की तिथे गाठ दिसते. श्वाससुद्धा जपून घ्यायचा.

आम्ही एका शीटवर वीस-पंचवीस अशा रेघा मारल्या की उठून हात झटकायचो. या बाईंनी पूर्ण कागदभर, प्रत्येक रेघेला स्क्रू थोडा थोडा फिरवत जाडी बदलत नेलीय, आणि तेही हाताला त्रास असताना. ज्यांना हे नुसत्या रेघा वाटतात त्यांनी एकदा रूलिंग पेन हातात धरून बघावं. माझा नमस्कार त्यांना.

कोरा_कागद | रविवार, सकाळी 9:20

काका, तुम्ही लिहिलंत ते कुठल्याही कॅटलॉगात नाही. एनजीएमएवाल्यांनी तुमच्याकडून त्या पेनचं प्रात्यक्षिक ठेवलं पाहिजे चित्रांच्या शेजारी.

शंकासुर | रविवार, सकाळी 11:05

धागा चांगला आहे पण माझं थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. चित्र चांगलं असेल तर ते टिकतं, बाईचं की पुरुषाचं हा प्रश्नच कशाला? अमृता शेरगिल बघा. 28 व्या वर्षी गेली, दिल्लीच्या एनजीएमएमध्ये तिची शंभराच्या वर चित्रं आहेत, 2023 मध्ये तिच्या एका चित्राला 61.8 कोटी मिळाले. तिला कोणी अडवलं? दुसरं म्हणजे दर मार्चमध्ये महिला दिनानिमित्त चाळीस बायकांचं एकेक चित्र लावून जे प्रदर्शन होतं ते मला अजिबात पटत नाही, त्यात ना चित्राला न्याय ना बाईला. आणि अप्रसिद्ध राहिलेले पुरुष चित्रकारही ढिगाने आहेत की, विशेषतः आपले जे.जे.चे जुने लोक.

कोरा_कागद | रविवार, दुपारी 12:30

राग कशाला, बोलायलाच तर धागा काढलाय.

महिला दिनाच्या प्रदर्शनांबाबत शंभर टक्के सहमत. एका बाईचं एकच चित्र बघून तिच्याबद्दल काहीच कळत नाही. म्हणून तर मी एकटीच्या मोठ्या प्रदर्शनाबद्दल बोलतेय, जिथे सुरुवातीची फसलेली चित्रंसुद्धा दिसतात.

पण अमृता शेरगिलचं उदाहरण तुमच्याऐवजी माझ्या बाजूने जातं. 1937 ला बॉम्बे आर्ट सोसायटीने तिला सुवर्णपदक दिलं हे खरं, ती जिवंतपणीच गाजत होती. तरी 1941 मध्ये लाहोरला ती गेली तेव्हा तिची चित्रं बरीचशी घरातच होती. नवरा व्हिक्टर एगन आणि माहेरची माणसं यांनी ती सरकारला दिली, 1954 मध्ये दिल्लीला एनजीएमए सुरू झालं तेव्हा तो संग्रह तिथे होता, म्हणून आज आपल्याला ती एका छताखाली सापडते. घरच्यांनी वाटून घेतली असती किंवा फाळणीच्या गडबडीत लाहोरला राहिली असती तर चित्रं तेवढीच चांगली असूनही आपल्याला काय माहीत झालं असतं?

पुरुषही विसरले गेले, मान्य. पण बहुतेकांमागे बायको होती, मुलगी होती, शिष्य होते. जपणारी माणसं कोणाच्या वाट्याला आली हे मोजायला लागलं की फरक दिसतो.

मांडवी_एक्सप्रेस | रविवार, दुपारी 3:10

बाप-लेकीचा विषय निघालाच आहे तर आमच्या गोव्याचं सांगते. पणजीला फोंतेन्यासमध्ये फुंदासांव ओरिएंत ही पोर्तुगीज संस्था आहे, तिथे त्रिंदाद कलेक्शन कायमचं लावलंय. आंतोनियो शाव्हिएर त्रिंदाद, मूळचे गोव्याचे, जे.जे.त शिकवायचे, पोर्ट्रेटला फार मोठं नाव. आणि त्यांची मुलगी आंजेला, 1909 चा जन्म, तीही जे.जे.ची. हे कलेक्शन घरच्यांच्या ट्रस्टकडून आलं आणि त्यात बापाबरोबर लेकीचीही चित्रं आली, हे मला फार मोलाचं वाटतं. दोघांची कामं एकाच इमारतीत बघता येतात.

आंजेलाची मेरी माता साडी नेसलेली असते, हातांच्या मुद्रा आपल्या, भोवती कमळं. 1955 मध्ये पोपकडून सन्मान मिळाला होता तिला. आणि मग बाई तिथे थांबली नाही, पुढे सगळं त्रिकोणांत मोडायला लागली, आडनाव त्रिंदाद, धर्मात त्रिमूर्ती, त्यावरून स्वतःच्या शैलीला त्रिंदादिझम नाव दिलं. नंतर अमेरिकेत गेली, 1980 ला वारली. बाप मोठा असला की मुलीचं चित्र त्याच्यासारखं आहे की नाही एवढंच लोक बघतात, पण तिथे उभं राहिलं की कळतं ही कुठल्या कुठे गेली होती.

गोव्याला आलात की बीच थोडा कमी करा आणि फोंतेन्यासला या. रंगीत घरांसमोर फोटो काढायला सगळे तिथे येतातच, दोन पावलं आत जात नाहीत.

अंबिकाबाई आणि आंजेला साधारण एकाच काळातल्या जे.जे.च्या. दोघींना एकत्र दाखवायला हवं कोणीतरी. दोन बाप, दोन लेकी.

सानिका_ठाणे | रविवार, दुपारी 3:40

दोन बाप, दोन लेकी!! हे प्रदर्शन लागलं तर मी पहिल्या दिवशी रांगेत.

ईस्टहॅम | रविवार, संध्याकाळी 6:25

लंडनहून लिहितोय. गेल्या वर्षी म्हणजे 2025 मध्ये हाइड पार्कजवळच्या सर्पेंटाइनमध्ये अर्पिता सिंग यांचं प्रदर्शन होतं, मार्च ते जुलै. भारताबाहेर कुठल्याही संस्थेत लागलेलं त्यांचं हे पहिलं एकल प्रदर्शन. वय तेव्हा 87. वाचून मला आधी विश्वासच बसेना, कारण इथे आम्ही पन्नाशीच्या आतल्या ब्रिटिश चित्रकारांची अशी प्रदर्शनं सारखी बघत असतो.

चित्रं गच्च भरलेली असतात. फुलं, विमानं, बंदुका, नकाशे, गाड्या, इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधे वयस्क बायका, पोट सुटलेल्या, कधी नागड्या, स्वतःच्याच विचारात बसलेल्या. म्हाताऱ्या बाईचं शरीर इतक्या आदराने रंगवलेलं मी क्वचितच बघितलंय. तारुण्यात त्या विणकरांसाठीच्या सरकारी केंद्रात, वीव्हर्स सर्व्हिस सेंटरला, काम करायच्या, त्यामुळे काही चित्रं कांथासारखी टाका टाका भरलेली वाटतात.

आणि एक लक्षात आलं. नसरीन मोहम्मदी, अर्पिता सिंग आणि झरीना हाश्मी, तिघींचं जन्मवर्ष 1937. झरीनांचं पहिलं मोठं सिंहावलोकन, म्हणजे आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन, लॉस एंजेलिसच्या हॅमर म्युझियममध्ये 2012 ला, म्हणजे पंचाहत्तरीत, मग 2013 ला न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये. नसरीन गेल्यावर 26 वर्षांनी मेट ब्रॉयर. अर्पिता 87 व्या वर्षी लंडन. एकाच वर्षी जन्मलेल्या तिघी आणि तिघींच्या वाट्याला हे असं. शंकासुर, याला योगायोग म्हणणं मला तरी जड जातंय.

पोटोमॅक | सोमवार, सकाळी 7:05

मेरीलँडला असते. आमच्या जवळ वॉशिंग्टन डीसीमध्ये नॅशनल म्युझियम ऑफ विमेन इन द आर्ट्स आहे, फक्त चित्रकार-शिल्पकार बायकांच्या कामाला वाहिलेलं. 1987 ला उघडलं. त्याची जन्मकथा या धाग्याला अगदी लागू आहे. विल्हेल्मिना हॉलडे आणि त्यांचे पती युरोपात फिरत असताना त्यांना क्लारा पीटर्स नावाच्या सतराव्या शतकातल्या बाईची चित्रं दिसली, फार आवडली. घरी येऊन कलेच्या इतिहासाचं जे पुस्तक तेव्हा अमेरिकेतले सगळे विद्यार्थी वापरायचे, जॅन्सनचं, ते काढून बघितलं तर क्लारा पीटर्स नाही. मग कळलं की त्या जाडजूड पुस्तकात एकाही बाईचं नाव नाही! तिथून त्यांनी बायकांचीच चित्रं जमवायला सुरुवात केली आणि त्यातून म्युझियम उभं राहिलं. इमारत पूर्वी फ्रीमेसन लोकांची होती, म्हणजे जिथे बायकांना सभासद होता येत नसे तिथे आता सगळ्या बायकाच. दोन वर्षं दुरुस्तीसाठी बंद होतं, ऑक्टोबर 2023 मध्ये परत सुरू झालं.

आत लाविनिया फोंताना या इटालियन बाईचं 1580 च्या आसपासचं एका सरदारघराण्यातल्या बाईचं पोर्ट्रेट आहे. तिच्या पायघोळ झग्यावरची एकेक जर, कंबरेला लटकवलेलं मुंगसासारख्या प्राण्याचं कातडं ज्याच्या डोक्याला रत्नं मढवलीत, आणि हाताशी छोटं कुत्रं. दागिन्यांत असं बारीक लक्ष घातलंय की मला आमच्या आजीची नथ न्याहाळायची सवय आठवली. मंडळाच्या गणपतीला भेटणाऱ्या मैत्रिणींना मी आता तिथे घेऊन जाते.

पण मला प्रश्न पडतो की असं वेगळं म्युझियम चांगलं की सगळ्यांच्या म्युझियममध्ये जागा मिळणं चांगलं? मला दोन्ही हवंय असं वाटतं.

शंकासुर | सोमवार, सकाळी 10:15

ईस्टहॅम, तुमचा 1937 चा मुद्दा मला विचारात पाडून गेला हे प्रामाणिकपणे सांगतो. वेगळ्या म्युझियमला माझा अजूनही विरोध आहे. वेगळं केलं की मुख्य म्युझियमवाले निर्धास्त होतात, त्यांचं त्यांच्याकडे म्हणून. मुंबईच्या एनजीएमएने, भाऊ दाजी लाड संग्रहालयाने, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने आपापल्या कॅलेंडरमध्ये ठरवून दरवर्षी एका बाईचं मोठं प्रदर्शन करावं, याला मात्र माझा पूर्ण पाठिंबा.

कोरा_कागद | सोमवार, दुपारी 1:00

हे एकदम मान्य. भाऊ दाजी लाडने 2013 मध्ये रीना सैनी कल्लाट यांचं काम इमारतीच्या दर्शनी भागावर लावलं होतं, बघितलंय का कोणी? मोठ्ठं कोळ्याचं जाळं, आणि ते विणलेलं कशाचं तर रबर स्टॅम्पांचं, प्रत्येक स्टॅम्पवर मुंबईच्या रस्त्याचं जुनं इंग्रजांच्या काळातलं नाव. राणीच्या बागेत पेंग्विन बघायला जाणारी गर्दी शेजारूनच जाते, दर्शनी भागावर काही असलं की मान आपोआप वर होते लोकांची.

आणि बायकांनी स्वतः एकत्र येऊन केलेलं प्रदर्शन ही आणखी वेगळी गोष्ट. नलिनी मलानी, अर्पिता सिंग, नीलिमा शेख आणि माधवी पारेख या चौघींनी 1987 ते 89 मध्ये आपली जलरंगातली चित्रं घेऊन देशात पाच ठिकाणी प्रदर्शन नेलं. कोणी बोलवायची वाट बघितली नाही. कागदावरची लहान चित्रं, गुंडाळून-बांधून नेता येणारी. नलिनीताई आपल्या जे.जे.च्याच. 2017 ला पॅरिसच्या पाँपिदू सेंटरमध्ये त्यांचं सिंहावलोकन झालं, 2023 ला क्योटो पारितोषिक मिळालं.

नागपूरकरीण | सोमवार, दुपारी 2:35

बी. प्रभा राहिल्या की! आमच्या नागपूरजवळच्या बेल्याच्या, 1933 च्या. नागपूरच्या आर्ट स्कूलमध्ये शिकल्या, मग जे.जे. लांबसडक मानेच्या, उंच, थकलेल्या कोळणी, मजूर बायका, डोक्यावर पाटी, खाली बघणारे डोळे, एकाच रंगात न्हालेली पार्श्वभूमी. होमी भाभांनी त्यांची चित्रं त्या अगदी नवख्या असताना घेतली होती. एअर इंडियाने 1950 च्या दशकात चित्रं जमवायला सुरुवात केली तेव्हाही सुरुवातीच्या खरेदीत प्रभाबाई होत्या. तो सगळा संग्रह एनजीएमएकडे द्यायचा करार 2023 मध्ये झाला, त्यातल्या प्रभाबाईंच्या चित्रांचं स्वतंत्र प्रदर्शन नागपूरला आणावं अशी माझी फार इच्छा आहे. विदर्भातल्या मुलीने मुंबईत जाऊन समुद्रावरच्या बायका रंगवल्या आणि त्या मूळ चित्रात आमच्याकडच्या मुलींना बघायला मिळत नाहीत. चित्रकलेच्या मुलांना मी मोबाइलवर दाखवते, त्यात रंगाचा थर कसा दिसणार.

गाठीची_बाई | सोमवार, रात्री 9:50

मृणालिनी मुखर्जी लिहायच्याच राहिल्यात सगळ्यांच्या. जन्म मुंबईचा, 1949. शिकल्या बडोद्याला. सुतळीसारखी जाड दोरी रंगवायची आणि हाताने गाठी मारत मारत माणसाहून उंच आकृती उभी करायची, ना देवी ना झाड, दोन्ही. घडी, पाकळी, ओठ सगळं गाठींनीच. मी स्वतः मॅक्रमे, म्हणजे दोरीच्या गाठींचं विणकाम, शिकवते म्हणून सांगते, एवढ्या जाड दोरीची गाठ ओढून घट्ट बसवायला खांदा लागतो, आणि ती शेजारच्या गाठीइतकीच घट्ट बसली नाही तर वजनाने सगळं एका बाजूला ओढलं जातं. वर्षातून एकदोनच आकृत्या व्हायच्या.

दिल्लीच्या एनजीएमएमध्ये त्यांचं सिंहावलोकन जानेवारी 2015 च्या शेवटी उघडलं. मांडणी चालू असतानाच त्या आजारी पडल्या आणि 2 फेब्रुवारीला गेल्या. वय 65. आयुष्यभराचं काम एकत्र लागलं आणि बाईंना ते लोकांबरोबर बघता आलं नाही. 2019 ला मेट ब्रॉयरने केलं ते त्यानंतर. मला हे लिहितानाही त्रास होतो.

त्यांच्या आई लीला मुखर्जी पण शिल्पकार होत्या, लाकडात कोरायच्या. वडील, चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी, यांच्याबद्दल सगळ्यांना माहितीये, आईबद्दल लिहिताना एक ओळ.

फडताळ | मंगळवार, सकाळी 8:10

बरेच दिवस फक्त वाचत होतो इथे, आज मदत हवी म्हणून लिहितो. माझी आत्या 50 च्या दशकात जे.जे.ला होती. नंतर डी.टी.सी. करून शाळेत ड्रॉइंग टीचर झाली, रिटायर होईपर्यंत एलिमेंटरी-इंटरमिजिएटची पोरं तयार केली. लग्न केलं नाही. ती गेल्यावर तिची ट्रंक आमच्याकडे आली. त्यात मॉडेलवरून केलेले चारकोलचे अभ्यास, जलरंगातली निसर्गचित्रं, काही तैलचित्रं फ्रेमवरून काढून गुंडाळलेली, आणि एका पाकिटात प्रदर्शनांची निमंत्रणं आणि वर्तमानपत्राची कात्रणं. आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जातेय, भाड्याच्या घरात जागा नाही, घरात चर्चा चाललीय की चार चांगली चित्रं फ्रेम करून भावंडांनी वाटून घ्यावीत आणि बाकीचं द्यावं रद्दीत. मी हा धागा वाचला आणि ट्रंक ताब्यात घेतली. पण पुढे काय करू? ती कोणी प्रसिद्ध नव्हती. म्युझियम असं घेतं का? माझी मुलगी म्हणते लॅमिनेट करून ठेवू.

कोरा_कागद | मंगळवार, सकाळी 8:25

लॅमिनेट करू नका!!! वाटूनही घेऊ नका. कागदवाली ताई, आहात का? तुमची गरज आहे इथे.

कागदवाली | मंगळवार, सकाळी 11:40

आहे आहे. कागदाच्या जतनाचं काम करते त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

लॅमिनेशनमध्ये उष्णता आणि गोंद दोन्ही कागदात शिरतात, ते परत काढता येत नाही, चित्र कायमचं गेलं असं समजा. सेलोटेप कुठेही लावू नका. टाचण्या, स्टेपलर पिना, क्लिपा गंजलेल्या असतील तर ओढू नका, मागची टोकं हळूच सरळ करून सोडवा. चारकोलच्या चित्रांवर काहीही घासलं की काळं निघून येतं, त्यामुळे एकावर एक दाबून ठेवू नका, प्रत्येकाला जाड पुठ्ठ्याची खिडकीसारखी चौकट करून द्या म्हणजे वरचा कागद चित्राला टेकणार नाही. जलरंग सपाट ठेवायचे, मधे अ‍ॅसिड-फ्री टिश्यू. हा कागद मुंबईत आर्ट मटेरियलच्या मोठ्या दुकानांत मिळतो. वर्तमानपत्रात अजिबात नाही, त्यातलं आम्ल कागद पिवळा करतं. कात्रणंही त्याच कारणाने चित्रांपासून वेगळ्या पाकिटात.

गुंडाळलेली तैलचित्रं जबरदस्तीने उलगडू नका, रंगाला तडे जातील. ती तज्ज्ञाकडेच न्या. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला-जतन केंद्र आहे, तिथे चौकशी करा.

भाड्याच्या घरात बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, पावसाळ्यात तिथे ओल येते आणि बुरशी धरते. पलंगाखालीही नको. कपाटाचा वरचा कप्पा, आतली भिंत. पावसाळा संपला की कोरड्या दिवशी काढून कसर, बुरशी बघायची.

आता म्युझियमचं. थेट चित्रं उचलून नेऊ नका, आधी यादी करा. प्रत्येक चित्राला नंबर, माप, माध्यम, मागे काही लिहिलंय का. नंबर मागच्या बाजूला कडेला मऊ पेन्सिलीने, दाब न देता. बॉलपेन नको. मग फोटो: खिडकीजवळ दिवसाउजेडी, ऊन अंगावर नको, फ्लॅश नको, मोबाइल चित्राला समांतर, शेजारी पट्टी ठेवायची म्हणजे माप कळतं. पाठचाही फोटो.

आणि तुमचं ते पाकीट सगळ्यात आधी सांभाळा. निमंत्रणं, कात्रणं, कॅटलॉग, फी-पावत्या, पत्रं. प्रसिद्ध नसलेल्या चित्रकाराबाबत अभ्यासकाला पहिल्यांदा हेच लागतं, त्यावरून वर्ष लागतं, कुठल्या प्रदर्शनात कोणाशेजारी चित्र होतं ते कळतं. एशिया आर्ट आर्काइव्हने नीलिमा शेख यांचे असे कागद डिजिटल करून लोकांना खुले केलेत, ते बघा म्हणजे काय काय ठेवायचं याचा अंदाज येईल. आत्या कुठल्या वर्षी जे.जे.त होत्या ते कळलं तर बॉम्बे आर्ट सोसायटीच्या त्या वर्षांच्या कॅटलॉगात नाव शोधता येईल.

म्युझियम सगळं घेईलच असं नाही. पण यादी आणि फोटो असले तर जे.जे.वर, शाळेच्या चित्रकला शिक्षकांवर, त्या काळच्या विद्यार्थिनींवर काम करणाऱ्या कोणालाही दाखवता येतं. आत्ता वाटून घेतलं तर परत कधीच एकत्र येणार नाही.

निवृत्त_ड्राफ्ट्समन | मंगळवार, दुपारी 12:30

फडताळ, मी डोंबिवलीला असतो. यादी, मापं, नंबर घालणं यात माझा हात चालतो, आयुष्यभर तेच केलंय. जवळ असाल तर निरोप टाका, मी येऊन बसतो.

फडताळ | मंगळवार, रात्री 10:20

कागदवाली ताई, काका, खूप आभार. आम्ही डोंबिवलीतच, पूर्वेला. काका, निरोप टाकलाय. भावाला हे सगळं वाचून दाखवलं, तो म्हणाला नवीन घराचा ताबा मिळेपर्यंत एक कपाट त्याच्याकडे मोकळं करतो, वाटणी नको. आज पाकीट उघडून बघितलं, त्यात एका प्रदर्शनाचं कॅटलॉग आहे, आत्याच्या चित्राचा नंबर आणि किंमत छापलीय, समोर तिच्या अक्षरात पेन्सिलीने "विकले" असं लिहिलंय. घरात कोणालाच माहीत नव्हतं की तिचं चित्र कधी विकलं गेलं होतं.

एकच विचारायचं राहिलं, ट्रंकेत डांबराच्या गोळ्या आहेत, त्या राहू देऊ का?

कागदवाली | मंगळवार, रात्री 10:45

काढा, आजच. त्यांचा वास आणि वाफ कागदाला आणि तुम्हालाही चांगली नाही. ट्रंक रिकामी करून कोरड्या फडक्याने पुसा, दोन दिवस उघडी ठेवा. आणि त्या कॅटलॉगच्या मुखपृष्ठाचा फोटो इथे टाका, वर्ष आणि संस्था दिसेल असा. ते चित्र कोणाकडे तरी असेल, शोधू.